निवडक सार्वजनिक शाळांतील प्रवेश (सातारा व सांगली जिल्हे)

निवडक सार्वजनिक शाळा म्हणजे शासनाच्या खर्चाने किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली चालणाऱ्या, परंतु सर्वांना खुला प्रवेश न देता स्पर्धा परीक्षेद्वारे मोजके विद्यार्थी निवडणाऱ्या शाळा होत. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत अशा शाळांची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. सातारा येथील सैनिक स्कूल, साताऱ्याजवळील खावली व सांगली जिल्ह्यातील पलूस येथील जवाहर नवोदय विद्यालये आणि खटाव तालुक्यातील पुसेगावचे शासकीय विद्यानिकेतन ही त्यांची प्रमुख उदाहरणे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची एका सकाळच्या परीक्षेवरून निवड करणे कितपत न्याय्य आहे आणि अशा निवडीने मुलाला प्रत्यक्षात काय लाभते, हे दोन प्रश्न या शाळांच्या संदर्भात वारंवार चर्चिले जातात.

पार्श्वभूमी

या दोन जिल्ह्यांत गरीब मुलांच्या निवासी शिक्षणाची सुरुवात निवड चाचणीने झालेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. पुढे ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे मुलाला घेताना त्याच्या गुणांपेक्षा त्याची गरज पाहिली जाई आणि खर्चाची तोंडमिळवणी मुलांच्या श्रमातून होई. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच भूमीतली. निवडक शाळांविषयी आज या भागात जो वाद चालतो त्याच्या मुळाशी हा वारसा आहे. कारण ‘हुशार मुलांसाठी वेगळी शाळा’ ही कल्पना ‘शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी शाळा’ या कल्पनेच्या शेजारीच वाढली.

राष्ट्रीय पातळीवरही हा ताण जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरातील सर्व मुले एकाच शाळेत शिकतील अशा समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. मात्र त्याच दशकात महाराष्ट्र शासनाने ग्रामीण भागातील गुणवान मुलांसाठी निवासी विद्यानिकेतने काढली आणि त्याआधीच, २३ जून १९६१ रोजी, देशातील पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झाले होते. त्या वेळी व्ही. के. कृष्ण मेनन केंद्रात संरक्षणमंत्री होते आणि यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. सेनादलातील अधिकारी वर्ग ठरावीक प्रदेशांतून आणि महागड्या खासगी शाळांतूनच येतो, तो सामान्य घरांतूनही यावा, हा या शाळांमागचा हेतू होता. सातारा जिल्ह्यात अपशिंगे यासारखी पिढ्यान्‌पिढ्या जवान पुरवणारी गावे होती. त्या गावांतील मुलाला शिपाई म्हणूनच नव्हे तर अधिकारी म्हणूनही भरती होता यावे, असा त्याचा स्थानिक अर्थ होता.

नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. राजीव गांधी तेव्हा पंतप्रधान होते व पी. व्ही. नरसिंह राव मनुष्यबळ विकास मंत्री होते. हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक स्वरूपात पहिली दोन विद्यालये निघाली. प्रत्येक जिल्ह्यात एक विद्यालय असे धोरण ठरल्यावर सातारा व सांगली जिल्ह्यांनाही ती मिळाली. तमिळनाडूने भाषाधोरणाच्या कारणावरून ही योजना स्वीकारली नाही.

शाळांचे स्वरूप

नवोदय विद्यालये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील नवोदय विद्यालय समिती चालवते. सहावी ते बारावीपर्यंतचे हे सहशिक्षणाचे निवासी विद्यालय असून ते केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असते. निवास, भोजन, गणवेश व पुस्तके मोफत असतात. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये घेतले जातात, परंतु अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी, सर्व मुली, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना त्यातून सूट आहे. सुरुवातीची वर्षे मातृभाषेतून शिकवून पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवली जातात. नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवण्याची प्रथा हे या शाळांचे वेगळेपण. जतच्या किंवा माणच्या मुलाने एक वर्ष हिंदीभाषक प्रदेशात काढावे आणि तिकडच्या मुलाने येथे मराठी शिकावी, अशी ही योजना आहे.

सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीमार्फत चालते. सहावी व नववी या दोन इयत्तांत प्रवेश मिळतो. येथील वार्षिक शुल्क लाखाच्या पुढे आहे. पालकांच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या मिळतात, पण शेतमजुराच्या घरात शुल्काचा आकडाच पुष्कळदा अर्ज भरण्याआधी निर्णय करून टाकतो. वायुसेनेचे माजी प्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक हे या शाळेचे विद्यार्थी. सहा दशके ही शाळा केवळ मुलांची होती. २०२१-२२ पासून देशातील सर्व सैनिक स्कूलांत मुलींना प्रवेश खुला झाला व त्यांच्यासाठी किमान दहा टक्के जागा ठेवण्यात आल्या. २०१९ मध्ये चंद्रपूर येथे राज्यातील दुसरे सैनिक स्कूल सुरू होईपर्यंत संपूर्ण महाराष्ट्रासाठी साताऱ्याचीच शाळा होती.

निवड चाचणी

जवाहर नवोदय विद्यालय निवड चाचणी पाचवीत शिकणाऱ्या मुलांसाठी असते. दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात व एकूण गुण १०० असतात. त्यांपैकी मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अर्जाला शुल्क नाही. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ही चाचणी देता येते. मानसिक क्षमतेचे सर्व प्रश्न आकृत्यांवर आधारित असतात: वेगळी आकृती ओळखणे, मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा शोधणे इत्यादी. घरी पुस्तके नसलेल्या मुलाची अडचण भाषेमुळे वाढू नये, हा आकृत्या वापरण्यामागचा विचार आहे.

सैनिक स्कूलची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा २०२१ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. सहावीच्या प्रवेशासाठी १२५ प्रश्न व ३०० गुण असतात. त्यांतील १५० गुण, म्हणजे बरोबर निम्मे, गणिताला आहेत. उरलेले गुण बुद्धिमत्ता, भाषा व सामान्य ज्ञान यांत समान वाटलेले आहेत. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच द्यावी लागते. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि दृष्टिदोषासारख्या कारणाने येथेही काही मुले गळतात.

दोन्ही परीक्षांची उत्तरे ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळे करून नोंदवावी लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत वहीवर गणित सोडवायला शिकलेल्या मुलाला हा कागद प्रथमच दिसत असेल तर त्याची काही मिनिटे त्यातच जातात. अलीकडे शिक्षक आधीच झेरॉक्स काढून मुलांकडून सराव करून घेतात, तरीही सर्व शाळांत तो होतोच असे नाही.

नवोदयसाठी आणखी एक अट आहे. सहावीच्या प्रवेशाची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत दुसऱ्यांदा बसून ती पुन्हा देता येत नाही. हेतू स्पष्ट आहे: वर्ष वाया घालवून तयारी करू शकणाऱ्या कुटुंबांना जास्तीची संधी मिळू नये. पण त्या दिवशी ताप आलेल्या मुलालाही दुसरी संधी नाही.

‘ग्रामीण’ कोणाला म्हणावे

प्रत्येक नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांतील किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातील मुलांसाठी राखीव आहेत. एकतृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती व जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अनुक्रमे १५ व साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाही, अशा जागा मिळतात. २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांसाठी केंद्रीय यादीनुसार २७ टक्के आरक्षण लागू झाले. माण, आटपाडी, जत या भागांतील धनगर समाजाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला. राज्यातील भटक्या जमातींची स्वतंत्र वर्गवारी केंद्रीय संस्थांत चालत नाही, त्यामुळे त्याआधी या मुलांना खुल्या गटातच स्पर्धा करावी लागे.

ग्रामीण राखीव जागा हा नवोदय योजनेचा कणा आहे आणि तिच्या न्याय्यतेचा मुख्य प्रश्नही तेथेच उभा राहतो. नियमानुसार मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत तो एक दिवस जरी शहरी भागातील शाळेच्या पटावर असला तरी त्याची गणना शहरी उमेदवारात होते. शहरी कोणते हे २०११ ची जनगणना व त्यानंतरच्या शासकीय अधिसूचना ठरवतात. म्हणजे मुलाचे घर, पालकांचे उत्पन्न किंवा शाळेतील सोयी यांपैकी काहीही पाहिले जात नाही. फक्त शाळा कोणत्या हद्दीत आहे तेवढे पाहिले जाते.

याचे परिणाम दोन्ही जिल्ह्यांत दिसतात. २०१६ च्या सुमारास दहिवडी, वडूज, मेढा, पाटण, कवठे महांकाळ, कडेगाव, शिराळा इत्यादी तालुक्यांच्या गावांत ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायती आल्या. दहिवडीच्या जिल्हा परिषद शाळेतील मेंढपाळाचा मुलगा कागदोपत्री शहरी ठरण्याची वेळ त्यामुळे येते. उलट सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या किंवा सातारा शहराच्या हद्दीलगत, ग्रामपंचायतीच्या जागेत उभी असलेली इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा ग्रामीण असते. शहरातील सुशिक्षित घरांतील मुले रोज बसने तेथे जातात आणि ग्रामीण जागांवर हक्क सांगू शकतात. यात नियमभंग काहीच नाही. व्याख्या भूगोलावर बेतलेली असून वंचितता मात्र भूगोलाच्या रेषा पाळत नाही, एवढेच.

सलग तीन वर्षांची अट स्थलांतरित कुटुंबांना सर्वाधिक जाचते. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांवर बीड व अन्य दुष्काळी भागांतून, तसेच याच जिल्ह्यांच्या पूर्व तालुक्यांतून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि परीक्षेचे दिवस त्याच हंगामात येतात. मुलाचे नाव गावच्या पटावर आणि मूल मात्र कराड-वाळव्याच्या फडात, अशी स्थिती असते. अर्ज ज्या जिल्ह्यात मूल पाचवी शिकते त्याच जिल्ह्यातून करावा लागतो. मुख्याध्यापकांनी नाव भरून ठेवले तरी परीक्षेच्या दिवशी मुलाला केंद्रावर आणणार कोण, हा प्रश्न उरतोच. मेंढरे घेऊन घाट उतरणाऱ्या कुटुंबांचीही हीच कथा. ज्यांच्यासाठी निवासी शाळा सर्वांत उपयोगी पडावी, त्यांना तिचे दार सर्वांत अरुंद आहे.

सैनिक स्कूलमध्ये ग्रामीण-शहरी असा भेद मुळात नाही. तेथे ६७ टक्के जागा राज्यातील मुलांना व ३३ टक्के अन्य राज्यांतील मुलांना असतात. त्यांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण असते आणि उरलेल्यांपैकी चौथा हिस्सा आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी असतो. सातारा जिल्ह्यातील असंख्य माजी सैनिक कुटुंबांना या शेवटच्या तरतुदीचे मोल मोठे आहे.

तयारी व शिकवणी

सातारा व सांगली जिल्ह्यांत शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा जुनी आहे. पूर्वी चौथी व सातवीत, नंतर पाचवी व आठवीत घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेत आले आहेत. गुणवत्ता यादीत शाळेचे किती विद्यार्थी आले यावर गावात शाळेची व शिक्षकाची पत ठरते. नवोदयच्या तयारीने हीच वाट धरली. एखादा उत्साही शिक्षक बदलून आला की त्या आडगावच्या शाळेतून दरवर्षी एक-दोन मुले नवोदयला लागतात आणि त्याची बदली झाली की तो प्रवाह आटतो, हे या भागातील शिक्षकांना परिचित असलेले चित्र आहे. मुलांची बुद्धिमत्ता बदलीबरोबर येत-जात नाही; यावरून चाचणी काय मोजते याचा काही अंदाज येतो.

या विनामूल्य तासांच्या जोडीला आता खासगी क्लास, सराव संच, गाईडे आणि तिसरी-चौथीपासूनच मुले ठेवून घेणाऱ्या निवासी अकॅडम्या आल्या आहेत. अकॅडमीचे शुल्क भरू शकणारे पालक नोकरदार किंवा बागायतदार असतात. मोफत शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग असा विकत घ्यावा लागतो, हा या व्यवस्थेतील विसंगतीचा भाग होय. आकृत्यांचे प्रश्न घरच्या परिस्थितीपासून अलिप्त असावेत ही मूळ अपेक्षाही सरावाने फोल ठरवली आहे, कारण ठरावीक नमुन्यांच्या आकृत्या शेकडो वेळा सोडवलेल्या मुलाला त्या ओळखीच्या वाटतात. जादा तास घेणारे शिक्षक याविषयी दुसरी बाजू मांडतात. त्यांच्या मते या परीक्षेमुळेच खेड्यातील मूल पाचवीत अपूर्णांक, सरासरी, नफा-तोटा पक्के शिकते आणि निवड न झालेल्या मुलांनाही तो लाभ राहतोच. हा युक्तिवाद खोटा म्हणता येत नाही.

एका प्रश्नाचे अंतर

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख व सांगलीची २८ लाख होती. एका वयाची मुले लोकसंख्येच्या दीड टक्का धरली तरी सातारा जिल्ह्यात एका इयत्तेत ४५,००० च्या आसपास मुले येतात. त्यांतून ८० निवडायची म्हणजे साडेपाचशे मुलांत एक. सगळेच परीक्षेला बसत नाहीत हे खरे, पण प्रमाण लक्षात येण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

इतक्या दाट स्पर्धेत निवडीच्या रेषेजवळ गुणांची गर्दी होते. प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा असल्याने ७६.२५ गुण मिळवलेला विद्यार्थी आत आणि ७५ वाला बाहेर, असे घडू शकते. या दोघांत अंतर एका प्रश्नाचे. चार पर्यायांपैकी एक अंदाजाने काळा केला तरी चारात एकदा तो बरोबर येतो, हे ध्यानात घेतल्यास या अंतराला गुणवत्तेचे अंतर म्हणणे धाडसाचे ठरेल. अगदी वरच्या व अगदी खालच्या गुणांच्या मुलांत चाचणी भेद करू शकते. मधल्या पट्ट्यात ती जवळजवळ सोडतीसारखी चालते. फरक इतकाच की सोडतीत नाव न आलेले मूल स्वतःला कमी समजत नाही. नवोदय चाचणीत फेरतपासणीची सोय नसल्यामुळे शंकेचे निरसनही होत नाही.

प्रवेशाचे मोल

नवोदय विद्यालयांचे निकाल देशात अग्रस्थानी असतात. २०२४ मध्ये केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत त्यांचा निकाल ९९.०९ टक्के लागला. परंतु हा आकडा शाळेच्या अध्यापनाचा पुरावा म्हणून जसाच्या तसा घेता येत नाही. साडेपाचशेतून एक निवडलेली मुले इतरत्रही बहुधा उत्तीर्णच झाली असती. शाळेने मुलात किती भर घातली आणि मुलानेच शाळेला किती यश मिळवून दिले, हे वेगळे काढणे हा शिक्षणशास्त्रातील एक अवघड प्रश्न आहे.

तो सोडवण्याची एक रीत वर सांगितलेल्या रेषेतूनच निघाली. रेषेच्या किंचित वरची आणि किंचित खालची मुले जवळजवळ सारखीच असतात. त्यांतील काही शाळेत गेली व काही गेली नाहीत, तर पुढे त्यांच्यात पडलेले अंतर हे शाळेचे देणे मानता येते. अमेरिकेतील आतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट व पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व न्यूयॉर्क येथील परीक्षेने प्रवेश देणाऱ्या प्रसिद्ध सरकारी शाळांचा असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रेषेवरच्या मुलांना या शाळांमुळे परीक्षेतील गुणांत फारसा लाभ झालेला त्यांना आढळला नाही. केनियातील निवडक माध्यमिक शाळांविषयीही असाच निष्कर्ष पुढे आला. रोमेनियातील अभ्यासात मात्र वरच्या शाळेत गेल्याने गुणांत काही वाढ दिसली.

हे निष्कर्ष खावली किंवा पलूसला सरळ लावता येत नाहीत. बोस्टनमध्ये निवड हुकलेले मूल त्याच शहरातील दुसऱ्या बऱ्या शाळेत जाते व रात्री स्वतःच्या घरी झोपते. जतच्या पूर्व भागातील वाडीवर राहणाऱ्या मुलासमोरचा पर्याय वेगळा असतो: चार-पाच किलोमीटरवरचे माध्यमिक विद्यालय, विज्ञानाच्या शिक्षकाची रिकामी जागा, टँकरच्या पाण्याची वाट पाहणारे घर. अशा मुलाला नवोदय देते ते केवळ अध्यापन नव्हे. दोन वेळचे पोटभर जेवण, संध्याकाळचा अभ्यास, ग्रंथालय, मैदान आणि सात वर्षांची निश्चिती. मुलींच्या बाबतीत तर बारावीपर्यंत शिक्षण अखंड चालणे हाच मोठा लाभ, कारण गावात आठवी-दहावीनंतर अंतर व लग्न या दोन कारणांनी शाळा सुटण्याचा धोका असतो. दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था नवोदयच्या विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांची मोफत तयारी करून देतात. हा लाभही नवोदयच्या पटावर नाव असल्याशिवाय मिळत नाही.

मोलाबरोबर किंमतही आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी घर सुटते. पहिल्या सत्रात दिवाळीच्या सुट्टीला आलेले मूल परत जाण्यास तयार नसणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे आणि काही पालक दाखला काढून घेतात. २०१३ ते २०१७ या काळात देशभरातील नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे वृत्त २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले व राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. त्यानंतर निवासी शाळांत समुपदेशक असण्याच्या गरजेकडे अधिक लक्ष वेधले गेले.

गावच्या शाळेचाही एक तोटा होतो. वर्गातील सर्वांत चुणचुणीत दोन मुले पाचवीनंतर निघून गेली की मागे राहिलेल्यांना सोबत शिकण्यासाठी, विचारण्यासाठी तसा सवंगडी उरत नाही. त्यांच्याबरोबर शाळा व्यवस्थापन समितीत आवाज उठवणारे जागरूक पालकही जातात. समान शाळा पद्धतीचे समर्थक याच मुद्द्यावर बोट ठेवतात. नवोदयच्या मूळ योजनेत या शाळांनी परिसरातील शाळांना मार्गदर्शन करावे, त्यांच्या गुणवत्तावाढीचे केंद्र व्हावे अशी अपेक्षा होती. तुकडीतील निकाल जेवढे सांगितले जातात तेवढे या अपेक्षेविषयी बोलले जात नाही.

कायदेशीर बाजू

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची चाळणी चाचणी घेण्यास मनाई केली. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना लागू असल्याने सहावीचे मूल त्याच्या कक्षेत येते. तथापि याच कायद्यात केंद्रीय, नवोदय व सैनिक शाळांचा ‘विनिर्दिष्ट प्रवर्ग’ म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यांच्या निवड चाचण्या कायद्यानंतरही चालू राहिल्या. खासगी बालवाडीला चार वर्षांच्या मुलाची परीक्षा घेता येत नाही व शासनाला दहा वर्षांच्या मुलाची घेता येते, हा विरोधाभास टीकाकार दाखवतात. समर्थकांचे उत्तर असे की सहावी हा शिक्षणाचा आरंभबिंदू नाही. मुलाला त्याच्या गावात शाळा उपलब्ध आहेच, नवोदय ही जादा संधी आहे.

अन्यत्र अवलंबिलेले मार्ग

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची ग्रामर व अन्य शाळांत वाटणी होऊ लागली. १९६० च्या दशकापासून बहुतेक ठिकाणी ही पद्धत मोडीत निघाली, तरी सुमारे १६० ग्रामर शाळा आजही परीक्षेने प्रवेश देतात आणि खासगी शिकवणीचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रमुख विशेष शाळांचा प्रवेश एकाच परीक्षेवर ठेवण्याचे बंधन १९७१ च्या राज्य कायद्याने घातले असून तेथे कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांचे प्रमाण अत्यल्प असल्याने वाद चालू आहे. शिकागो शहराने २००९ नंतर वेगळा मार्ग काढला. शहरातील वस्त्यांचे उत्पन्न, शिक्षण, घरमालकी इत्यादी निकषांवर चार स्तर केले, काही जागा केवळ गुणांवर दिल्या आणि उरलेल्या चारही स्तरांत वाटल्या. प्रत्येक स्तरातील मुले आपापसांत स्पर्धा करतात.

या धर्तीवर सातारा-सांगलीचा विचार केला तर ग्रामीण जागांचे तालुकानिहाय वाटप हा जवळचा पर्याय दिसतो. सातारा जिल्ह्यात अकरा व सांगलीत दहा तालुके आहेत. कराड, वाळवा, मिरज यांसारखे बागायती तालुके आणि माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे दुष्काळी तालुके यांची एकाच यादीत स्पर्धा होण्याऐवजी प्रत्येक तालुक्यातील मुलांनी आपापसांत स्पर्धा करावी, अशी ही कल्पना. तिने शहराच्या वेशीवरील खासगी शाळांचा प्रश्न पूर्ण मिटणार नाही, पण त्यांचा प्रभाव त्या त्या तालुक्यापुरता राहील. महाबळेश्वर किंवा जावळीसारख्या कमी लोकसंख्येच्या डोंगरी तालुक्यांना किती जागा द्याव्यात, लोकसंख्येनुसार की समान, हा त्यातला अवघड भाग.

नववीचा प्रवेश

सहावीला प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी नवोदयमध्ये नववी व अकरावीच्या रिक्त जागांवर स्वतंत्र निवड प्रक्रिया असते. दाखला काढून गेलेल्यांच्या जागा यातून भरल्या जातात, त्यामुळे जागांची संख्या दरवर्षी बदलते आणि ती थोडी असते. सहावीची चाचणी एकदाच देण्याची अट या प्रवेशाला आडवी येत नाही. सैनिक स्कूलचा नववीचा प्रवेशही खुला असतो, मात्र तेथील ४०० गुणांची परीक्षा इंग्रजीतून असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना तीन वर्षे आधीपासून तयारी करावी लागते. शासकीय विद्यानिकेतनाची निवड परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज शाळेमार्फत भरले जात असल्याने त्याची माहिती पालकांपर्यंत पोहोचणे बहुतांशी मुख्याध्यापकांवर अवलंबून असते.